जुन्या गाडीला रॅक-पिनियन स्टिअरिंग : काम हाती घेण्यापूर्वी

जुन्या मोटारींचा शौक आता राजेरजवाड्यांपुरता राहिलेला नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक या शहरांतील व्यापारी, डॉक्टर आणि बागायतदारही वडिलांच्या काळातील फियाट, हेराल्ड, जीप किंवा एखादी परदेशी बनावटीची दोन आसनी स्पोर्ट्स गाडी पुन्हा रस्त्यावर आणू पाहतात. अशी गाडी कंपनीच्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्त होत नाही. तिला हाताने काम करणारा मिस्त्री लागतो, लेथवर बसणारा टर्नर लागतो. आपले कितीतरी बांधव पिढ्यान्‌पिढ्या याच हुन्नरावर पोट भरत आले आहेत. द्वारका, वडाळा नाका परिसरातील गॅरेजे आणि सातपूर-अंबडचे लहान कारखाने पाहिले, तर हे काम करण्याची ताकद नाशिकच्या हातात आहे, हे कोणीही मान्य करील.

अशा गाडीचा मालक एक मागणी हमखास करतो. "उस्ताद, स्टिअरिंग फार जड आहे, ढिलेही आहे. नव्या गाडीसारखे रॅक-पिनियन बसवून द्या." मागणी साधी वाटते, पण या कामावर गाडीतल्या माणसांचा जीव, मिस्त्रीचे नाव आणि कायद्याची जबाबदारी अशा तीन गोष्टी टांगलेल्या असतात. म्हणून या कामाची माहिती आम्ही थोडी विस्ताराने देत आहोत.

दोन पद्धतींतला फरक

जुन्या गाड्यांत बहुधा पेटीचे स्टिअरिंग असते. चाकाच्या दांड्याच्या टोकाला पेटीत वर्म किंवा कॅम असतो. तो फिरला की रोलर किंवा पेग सरकतो आणि पेटीबाहेरचा ड्रॉप आर्म हलतो. ड्रॉप आर्मची हालचाल दांड्यांमार्फत दोन्ही चाकांना मिळते. दुसऱ्या बाजूला तोल धरण्यासाठी आयडलर आर्म असतो. दांड्या तीन असल्या, तर त्यांची टोके सहा, म्हणजे बॉल जॉइंटही सहा. शिवाय आयडलरचा बुश आणि पेटीतली झीज. प्रत्येक ठिकाणी केसभर प्ले आला, तरी चाकाच्या कडेवर तो चार बोटे होतो.

रॅक-पिनियनमध्ये पेटी नसते. दांड्याच्या टोकाला लहान दातेरी चक्र, म्हणजे पिनियन असते. ते दाते पाडलेल्या सरळ गजावर, म्हणजे रॅकवर फिरते. गज डावीकडे-उजवीकडे सरकतो आणि त्याच्या दोन टोकांना जोडलेले टाय रॉड थेट चाकांना वळवतात. सांधे कमी, म्हणून प्ले कमी आणि हाताला रस्त्याचा अंदाज चांगला. पण याला दुसरी बाजूही आहे. पेटी खड्ड्याचा झटका बराचसा पोटात घेते, रॅक तो हातापर्यंत पोचवतो. आपल्याकडील रस्त्यांवर हा फरक मालकाला आधीच सांगितलेला बरा.

रॅक ही काही काल-परवाची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये १९४८ साली आलेल्या मॉरिस मायनरला रॅक होता. मॉरिस ऑक्सफर्डवरून बनलेल्या आपल्या अॅम्बॅसेडरलाही रॅकच होता. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून बनवलेल्या हेराल्डलाही रॅक होता आणि ती लहान गल्लीत वळण्यासाठी प्रसिद्ध होती. उलट कुर्ल्यात बनणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, शेवटपर्यंत पेटीवरच चालली. मारुती ८०० १९८३ च्या डिसेंबरात आली, तेव्हा हलके रॅक स्टिअरिंग सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती पडले आणि पेटीची गाडी त्याला जड वाटू लागली.

स्पोर्ट्स गाड्यांचा धडा

ज्या गाड्यांना बाहेरून रॅक बसवण्याचा प्रघात पडला, त्या मुख्यतः ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या. ट्रायम्फ टीआर-२ ही १९५३ ची आणि टीआर-३ ही १९५५ ची. दोन्हींना पेटी होती. पेटी गाडीच्या अगदी पुढच्या भागात आणि तिथून चालकाच्या छातीपर्यंत लांब दांडा. १९६१ साली टीआर-४ आली, तेव्हा कारखान्यानेच पेटी काढून रॅक बसवला. जॅग्वारने एक्सके-१२० ला पेटी दिली होती, १९५४ च्या एक्सके-१४० ला रॅक दिला. एमजीच्या टीसी गाडीला पेटी होती, तिच्यानंतर आलेल्या टीडीला रॅक मिळाला.

यातून मिस्त्रीने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कारखान्याने रॅक दिला, तेव्हा केवळ पेटीच्या जागी रॅक ठोकला नाही. पुढचे सस्पेन्शन, स्टिअरिंग आर्म, दांड्याचा मार्ग हे सगळे त्याच्याशी जुळवून घेतले. आज ब्रिटनमध्ये जुन्या टीआरसाठी रॅकचे तयार संच विकत मिळतात. त्यांत रॅकबरोबर ब्रॅकेट, सांधे आणि दांडाही येतो, तो याच कारणाने. आपल्याकडे तसा संच नसतो, म्हणून ते जुळवण्याचे काम मिस्त्रीच्याच डोक्यावर येते.

आधी दुखणे ओळखा

स्टिअरिंग जड किंवा ढिले असण्याचे कारण दर वेळी पेटीच असते असे नाही. पेटीला हात लावण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात. टायरमधील हवा. टायर मूळ मापाचा आहे की रुंद घातला आहे. किंगपिनला ग्रीस पोचते का. व्हील बेअरिंग. टाय रॉड एंड. आयडलरचा बुश. पेटी चासीला जिथे बसते ते बोल्ट. शेवटी पेटीतले तेल आणि तिची अॅडजस्टमेंट. किंगपिन सुकलेली असली, तर रॅक लावूनही स्टिअरिंग जडच राहील आणि मालक दोष मिस्त्रीला देईल.

प्ले मोजण्याची रीत सोपी आहे. चाके सरळ ठेवा. स्टिअरिंगच्या कडेवर खडूची खूण करा. पुढचे चाक हलू लागेपर्यंत स्टिअरिंग एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला फिरवा आणि मधले अंतर मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. स्टिअरिंगचा व्यास ४०० मि.मी. असेल, तर ३० अंश म्हणजे कडेवर सुमारे १०५ मि.मी. ही कायद्याची शेवटची हद्द झाली. चांगल्या कारागिराने इतक्यावर समाधान मानू नये. नीट बांधलेल्या पेटीचा प्ले कडेवर दोन बोटांच्या आत आणता येतो. त्याच नियमात बॉल जॉइंटवर रबरी टोपी आणि बोल्टला पक्का लॉक असावा, असेही सांगितले आहे.

आमचा अनुभव असा, की पेटी उघडून बेअरिंग, बुश, सील बदलले, सगळे जॉइंट नवे घातले आणि अलाइनमेंट केले, की बहुतेक मालकांची तक्रार मिटते. खर्च कमी, धोका कमी आणि गाडीचे मूळ रूपही शाबूत राहते.

रॅक निवडताना

तरीही रॅकच बसवायचा ठरला, तर पहिला प्रश्न पुढच्या अॅक्सलचा. नाशिक ही महिंद्राची, म्हणजे जीपगाड्यांची नगरी. येथे जुनी जीप घेऊन येणारा ग्राहक जास्त. जुन्या जीपला पुढे अखंड अॅक्सल आणि पाटे असतात. अशा गाडीला रॅक लावू नये. रॅक चासीला घट्ट बसतो, पण अखंड अॅक्सल पाट्यांवर वर-खाली आणि तिरका होतो. एक चाक दगडावर चढले, की टाय रॉड ओढला जातो आणि स्टिअरिंग आपोआप फिरते. जीपला चांगल्या प्रतीची पेटी किंवा पॉवर स्टिअरिंगची पेटीच योग्य. याच नाशिकच्या कारखान्यात २००२ पासून बनू लागलेल्या स्कॉर्पिओला रॅक आहे, कारण तिची पुढची दोन चाके स्वतंत्रपणे हलतात. जिथे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे, तिथेच रॅकचा विचार करावा.

दुसरा प्रश्न वजनाचा. भंगार बाजारात मारुती ८०० चा रॅक सहज मिळतो, म्हणून तोच लावण्याचा मोह होतो. मारुती ८०० चे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, पद्मिनीचे नऊशेच्या आसपास. हलक्या गाडीसाठी केलेल्या दात्यांवर आणि जॉइंटवर जड गाडीचा भार टाकणे म्हणजे उधारीच्या आयुष्यावर गाडी चालवणे. रॅक समान किंवा जास्त वजनाच्या गाडीचा घ्यावा. जुना रॅक घेतला, तर गज लेथवर फिरवून वाकलेला नाही ना, हे पाहावे. दात्यांची झीज मधल्या भागात जास्त असते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. मध्ये ढिला आणि टोकांना घट्ट असलेला रॅक अॅडजस्ट करून सुधारत नाही, तो परत करावा.

तिसरा प्रश्न मापांचा. समजा, पिनियनच्या एका फेऱ्यात गज ४२ मि.मी. सरकतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १४० मि.मी. जातो. मग स्टिअरिंगचे एकूण फेरे १४० भागिले ४२, म्हणजे सव्वातीनपेक्षा किंचित जास्त. हाच सरक ३५ मि.मी. असेल, तर फेरे चार होतील, पण हात हलका चालेल. आता चाकाकडील स्टिअरिंग आर्म पाहा. गज मध्यापासून ७० मि.मी. सरकतो आणि आर्म १२५ मि.मी. लांब आहे, तर चाक सुमारे ३४ अंश वळेल. आर्म १५० मि.मी. असेल, तर तेच चाक २८ अंशच वळेल आणि गाडीला वळायला जागा जास्त लागेल. हा हिशेब रॅक विकत घेण्यापूर्वी कागदावर करावा.

रॅक कुठे बसवावा

सर्वात जास्त चुका येथे होतात. पुढचे चाक खड्ड्यात वर-खाली होते, तेव्हा ते विशबोनच्या बिजागरीवर फिरते. टाय रॉडही आपल्या आतल्या जॉइंटवर फिरतो. दोन्हींच्या बिजागरी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर चाक वर जाताना टाय रॉड त्याला आत किंवा बाहेर ढकलतो. चालकाने स्टिअरिंग हलवले नसले, तरी गाडी खड्ड्यावर बाजूला उडी घेते. म्हणून रॅकच्या दोन आतल्या जॉइंटमधील अंतर विशबोनच्या आतल्या बिजागरींशी मेळ खाणारे हवे आणि टाय रॉडचा तिरकेपणाही विशबोनच्या रेषांशी जुळता हवा. रॅक रुंद असेल, तर त्याचा गज कापून, वेल्डिंग करून लहान करण्याचा प्रकार कोणीही करू नये. दुसरा, योग्य मापाचा रॅक शोधावा. उंचीतला थोडा फरक ब्रॅकेटखाली चकत्या घालून काढता येतो.

तपासणी अशी करावी. गाडी स्टँडवर घ्या आणि स्प्रिंग काढा. स्टिअरिंग मध्यावर बांधून ठेवा. हबखाली जॅक लावून चाक २५-२५ मि.मी. वर-खाली करा. प्रत्येक टप्प्यावर रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे अंतर उभ्या फळीपासून मोजा. दोन आकड्यांतील फरक स्थिर राहिला, तर रॅक बरोबर जागी आहे. फरक वाढत गेला, तर रॅक वर, खाली किंवा पुढे-मागे करून पुन्हा मोजा. याला एक दिवस जातो. पण ब्रॅकेट पक्का करण्यापूर्वी हा दिवस दिला नाही, तर नंतर आठवडे जातात.

आणखी एक घोडचूक. रॅक अॅक्सलच्या पुढे आहे की मागे, आणि स्टिअरिंग आर्म कोणत्या दिशेला आहेत, हे जुळले नाही किंवा रॅक उलटा बसवला, तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यावर चाके डावीकडे वळतात. आर्म नुसते अदलाबदल करून पुढे फिरवले, तर दिशा जुळेल, पण वळणावर आतले चाक जास्त आणि बाहेरचे कमी वळावे, हा नियम उलटा होईल. हा नियम जर्मन कारागीर लांकेनस्पर्गर याने शोधला आणि १८१८ साली अॅकरमन याच्या नावाने इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले गेले. घोडागाडीसाठी सांगितलेले हे तत्त्व आजही मोटारीला लागू आहे.

दांडा आणि सांधे

रॅकची पिनियन जुन्या दांड्याच्या रेषेत क्वचितच येते. मध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट घालावे लागतात. दोन्ही जॉइंटचे कोन शक्य तितके सारखे ठेवावेत आणि त्यांचे काटे योग्य रेषेत बसवावेत. नाहीतर स्टिअरिंग एका फेऱ्यात कधी जड, कधी हलके लागते. कोन फार तीव्र असेल, तर मध्ये आधाराचे बेअरिंग घालून दांड्याचे तीन तुकडे करावेत. जॉइंट दात्यांवर बसला, की त्याचा बोल्ट खाचेतून आरपार गेला पाहिजे. तो नुसता दाबून बसणे पुरेसे नाही. या बदलाचा एक फायदाही आहे. जुन्या गाडीचा सरळ, अखंड दांडा समोरून धडक बसली की थेट छातीवर येतो. सांध्यांचा दांडा दुमडू शकतो.

येथे आम्ही ठासून सांगतो : स्टिअरिंग आर्म तापवून वाकवू नका. टाय रॉड, रॅकचा गज यांना वेल्डिंग करू नका. हे भाग विशेष पोलादाचे असतात आणि कारखान्यात उष्णता देऊन कणखर केलेले असतात. गॅसची ज्योत लागली, की ती कणखरता जाते. वरून काही दिसत नाही आणि एके दिवशी भाग तुटतो. टाय रॉड लांबवायचा असेल, तर योग्य पोलादाचा नवा, आटे पाडलेला रॉड टर्नरकडून करून घ्यावा आणि जॉइंट पुरेसे आटे आत जाईल, असा बसवावा.

फिटिंग झाल्यावर चाके दोन्ही टोकांपर्यंत वळवून, आणि स्प्रिंग पूर्ण दाबून व पूर्ण सोडून, टायर, ब्रेकचा रबरी पाइप आणि टाय रॉड कुठे घासत नाहीत ना, हे पाहावे. चाकांचा शेवटचा अडसर हबवरच असावा, रॅकच्या टोकावर जोर जाऊ नये. मग अलाइनमेंट. त्यानंतर चाचणी आधी आवारात, मग मोकळ्या सरळ रस्त्यावर हळू, मग ब्रेक मारून. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येते का, हे पाहावे. शे-दीडशे किलोमीटर झाल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासावा. त्याआधी गाडी कसारा घाटात नेऊ नये. घाटातल्या वळणावर दुसरी संधी मिळत नसते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लागू केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. स्टिअरिंगचा प्रकार आर.सी. बुकात लिहिलेला नसतो, म्हणून कोणाला कळणार नाही, असे समजणे घातक आहे. अपघात झाला, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा तिथेच पाहतो.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. अशा गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,००० रुपये फी आणि मुदत दहा वर्षे. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. रॅक बसवण्यासाठी चासी कापली, तर मालक या नोंदणीला मुकू शकतो. तेव्हा मालकाने आर.टी.ओ. कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करून लेखी उत्तर घ्यावे आणि मगच काम सुरू करावे. तोंडी होकारावर भरवसा ठेवू नये.

धंद्याचा हिशेब

या कामाचे मोल ठरवताना बरेच कारागीर फक्त रॅक आणि मजुरी धरतात. त्यात टर्नरचे काम, दोन युनिव्हर्सल जॉइंट, नवे टाय रॉड एंड, ब्रॅकेट, अलाइनमेंट, मोजणीचा एक दिवस, चाचणीचा एक दिवस आणि एकदा खोलून पुन्हा बसवण्याचा वेळ धरला पाहिजे. हे सगळे मांडले, की पेटीची दुरुस्ती किती स्वस्त आहे, हे मालकाला आपोआप पटते.

काम घेतलेच, तर चार गोष्टी पाळाव्यात. कामाचा तपशील कागदावर लिहून मालकाची सही घ्यावी. आधीची आणि नंतरची छायाचित्रे ठेवावीत. चासी न कापता, बोल्टने बसणारे ब्रॅकेट करावेत, म्हणजे गाडी पुन्हा मूळ रूपात नेता येईल. काढलेली पेटी, दांडे, आर्म हे सगळे चिठ्ठी लावून मालकाच्या ताब्यात द्यावे. ते भंगारात विकणे म्हणजे त्याच्या गाडीची निम्मी किंमत विकणे होय.

आणि ज्या कामात मन मानत नाही, ते काम नाकारण्याची हिंमत ठेवावी. अखंड अॅक्सलच्या जीपला रॅक मागणारा, वेल्डिंग करून आजच्या आज गाडी द्या म्हणणारा, परवानगीचे पुढे पाहू म्हणणारा ग्राहक दुसऱ्या दुकानात गेला, तर जाऊ द्यावा. जुन्या गाडीवर जीव लावणारे लोक थोडे आहेत आणि ते एकमेकांना विचारूनच मिस्त्री निवडतात. ज्याच्या हातची गाडी घाट उतरून सुखरूप घरी आली, त्याचेच नाव ते पुढे सांगतात.